वार्धक्यातील शुश्रूषा आणि सरकारी साहाय्य
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि शिष्यवृत्त्यांची घोषणा झाल्यावर वार्धक्याचा विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आज पारितोषिक घेऊन गेलेल्या मुलामुलींचे आजी-आजोबा ह्या घटकेस घरी कोणाच्या स्वाधीन आहेत, असा प्रश्न प्रत्येकाने मनाशी विचारला तर विषयाची निकड निराळी सांगावी लागणार नाही.

म्हातारपणचा आजार दोन प्रकारचा असतो. एक रुग्णालयात जाऊन बरा होणारा. दुसरा बरा न होणारा, पण माणसाला वर्षानुवर्षे अंथरुणास खिळविणारा. अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, खुब्याचे मोडलेले हाड ही त्याची नेहमीची रूपे. ह्या दुसऱ्या प्रकारात औषधापेक्षा माणूस अधिक लागतो. न्हाऊ घालणे, भरविणे, दर दोन-तीन तासांनी कूस पालटणे, रात्री जागणे, हे सारे कोणीतरी करावेच लागते. पूर्वी एकत्र कुटुंबात हे होत असे, असे आपण अभिमानाने सांगतो. मात्र तो सर्व भार बहुधा एकट्या सुनेच्या पाठीवर असे, ह्याचा उल्लेख आपण करीत नाही. आज सून नोकरीस जाते, मुलगा परगावी वा परदेशी असतो, आणि घरात दोनच वृद्ध जीव एकमेकांस सांभाळीत असतात. मग पगारी माणूस ठेवावा लागतो, आणि आयुष्यभराची पुंजी पाहता पाहता सरते.

अशा वेळी सरकार काही देते काय, असे आम्हांस पुष्कळ सभासद विचारतात. त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले पाहिजे. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा अमलात आणला. जपानात चाळिशीनंतर प्रत्येकास त्याची वर्गणी भरावी लागते, आणि पुढे परावलंबित्व आले म्हणजे घरी येणाऱ्या सेविकेचा बहुतेक खर्च त्यातून भागतो. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे आहेत त्या निरनिराळ्या योजना. प्रत्येकीची पात्रता वेगळी, कचेरी वेगळी. त्या नीट समजून घेतल्या तर काही आधार निश्चित मिळतो.

पहिली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय ६५ पूर्ण असावे, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असावे, आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा त्याचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. अर्ज तहसील कचेरीच्या संजय गांधी योजना शाखेत द्यावयाचा. २०२३ सालापासून केंद्राचा वाटा धरून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ साली ही रक्कम २,५०० करण्याचा निर्णय झाला. पासष्टीच्या आतील निराधार विधवा व दिव्यांग ह्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. आता २१,००० रुपये म्हणजे महिना १,७५० रुपये. आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबे ह्या मर्यादेबाहेर आहेत, आणि ती तशी आहेत ह्याबद्दल परमेश्वराचे आभारच मानावेत. परंतु गावी एकटी राहणारी एखादी काकू, मूलबाळ नसलेला एखादा चुलत आजोबा ह्या मर्यादेत बसतो, आणि त्याच्या वतीने अर्ज लिहिण्यास कोणी नसते. ती माणसेही आपलीच आहेत.

दुसरी योजना रुग्णालयाची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेतील रुग्णालयात विनामूल्य होतो. मात्र ही रक्कम कुटुंबातील सत्तरीपुढील सर्वांत मिळून आहे. खाजगी विमा असला तरी ह्या योजनेस बाध येत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे किंवा माजी सैनिकांच्या योजनेचे लाभार्थी असल्यास दोहोंतील एक निवडावी लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. घरी आल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार तीत येतो. त्यापुढील शुश्रूषा आणि घरी ठेवलेल्या माणसाचा पगार येत नाही.

तिसरी, साधनांची. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली. वय ६५ व कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, कमोड-खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळावेत, अशी तिची तरतूद आहे.

चौथा आधार कायद्याचा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांचे पालनपोषण व कल्याण ह्यासंबंधीचा २००७ चा कायदा बहुतेकांनी ऐकला आहे, वाचला थोड्यांनीच. स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर निर्वाह न चालणाऱ्या ज्येष्ठास मुलांकडून दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसेल तर ज्याला त्याची मालमत्ता मिळणार, त्या नातलगावर ही जबाबदारी येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणाकडे करावयाचा. त्यासाठी वकील लागत नाही. वृद्धास स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. आपली ज्ञातिसंस्था नोंदणीकृत आहे, हे आम्ही पदाधिकाऱ्यांच्या नजरेस आणून देतो.

ह्याच कायद्याचे तेविसावे कलम प्रत्येक घरधन्याने लक्षात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. म्हणून बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. चांगल्या मुलाला त्या एका ओळीचा राग येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पात्रता वयाने किंवा गरजेने येते, असे आपण समजतो. कचेरीत मात्र ती कागदाने सिद्ध करावी लागते, आणि कागद करावयाचे ते माणूस चालता-बोलता असताना. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत काढली. दाखल होणाऱ्या मुलाची खरी तारीख पालकांस ठाऊक नसली म्हणजे १ जून ही तारीख लिहिण्याचा प्रघात होता. त्या पिढीचे विद्यार्थी आज आजोबा झाले आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारपत्रावर दुसरी, आणि शिधापत्रिकेवर नुसता अंदाज! भगिनींच्या बाबतीत तर दाखल्यावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, आणि दोन्ही व्यक्ती एकच हे सांगणारा कागद कोठेच नाही. आधारपत्रावरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करता येते. म्हणून ती दुरुस्ती विचारपूर्वक आणि वेळेवर करावी. सत्तरीचे आयुष्मान कार्ड तर आधारपत्रावरील वयावरच मिळते. बँकेचे खाते आधारास जोडलेले असावे, शक्य तर संयुक्त असावे, वारस नोंदविलेला असावा. अनुदान घेणाऱ्यांनी हयातीचा दाखला दरवर्षी न चुकता द्यावा. तो चुकला म्हणजे जिवंत माणसाचे अनुदान थांबते.

दोन मनोवृत्तींविषयी बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. पहिली, सरकारी मदत घेणे म्हणजे घराण्यास कमीपणा, ही. जो खरोखर पात्र आहे त्याने घेतलेले अनुदान हा त्याचा अधिकार होय. ती भीक नव्हे. दुसरी ह्याच्या उलट. मुलाची पक्की नोकरी लपवून, शिधापत्रिका वेगळी करून, २१,००० रुपयांचा खोटा दाखला मिळवावयाचा आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणावयाचे! खोट्या लाभार्थ्यांमुळे खऱ्या निराधाराकडेही संशयाने पाहिले जाते. त्याच्या अर्जावर जादा चौकशी लागते, आणि ती संपेपर्यंत त्याचे आयुष्य थांबत नाही. ज्या शाळेत आम्ही मुलांना खरे बोलावयास शिकविले, त्याच शाळेचा दाखला अशा अर्जास जोडलेला पाहणे आम्हांस दुःसह होते.

सर्व योजना मिळाल्या तरी अहोरात्रीच्या माणसाचा पगार कोणतीही योजना देत नाही, हे सत्य उरतेच. दीड हजार रुपये शहरात चार दिवसही पुरत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो. प्रत्येक विभागात दोन निवृत्त सभासदांनी महिन्यातून एक रविवार ज्येष्ठांची कागदपत्रे तपासून द्यावीत आणि अर्ज लिहून द्यावेत. संस्थेने चाकाची खुर्ची, हवेची गादी, वर-खाली होणारी खाट ह्यांचा संग्रह करावा. एका घरची गरज संपली म्हणजे वस्तू दुसऱ्या घरी जावी. आणि ज्या घरात एकच सून वा एकच मुलगी अनेक वर्षे शुश्रूषा करीत आहे, तेथे आठवड्यातून एक दुपार तिला मोकळीक मिळेल अशी पाळी शेजारच्या ज्ञातिबंधूंनी लावावी. ह्या शेवटच्या सूचनेस एक पैचाही खर्च नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या वाडवडिलांनी ही संस्था काढली आणि निष्ठेने चालविली. तिच्या आधारावर शिकलेली पिढी आज वृद्ध होत आहे. तिच्या अखेरच्या वर्षांची काळजी वाहणे हे संस्थेच्या कार्याचेच पुढचे पाऊल आहे. घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वडील माणसाचे कागद आज रात्री एकदा उघडून पाहावेत, एवढीच विनंती.