वारेची दुर्बलता आणि उपचारांची वेळ

वार हा गर्भारपणापुरता तयार होणारा आणि बाळंतपणानंतर बाहेर पडणारा अवयव असल्यामुळे त्याच्या आजाराचा विचार बहुधा उशिरा, म्हणजे बाळाचे वजन काट्यावर कमी भरल्यानंतरच होतो. प्रत्यक्षात बिघाड कितीतरी महिने आधी सुरू झालेला असतो. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद आणि सैल करतात. हे काम अपुरे राहिले, तर मातेचे रक्त संथ पसरण्याऐवजी निम्न तेरणा धरणाच्या किंचित उचललेल्या दरवाजातून सुटणाऱ्या पाण्यासारखे उसळून येते, वारेचे नाजूक झुबके दुखावते आणि गर्भाला प्राणवायू व अन्न कमी पडू लागते. अशा वेळी गर्भ मिळालेले रक्त आधी मेंदूकडे वळवतो, त्यामुळे डोके वाढत राहते आणि पोट मागे पडते. सोनोग्राफीत पोटाचा घेर आणि डॉप्लर तपासणीत, म्हणजे नाळेतील रक्तप्रवाहाच्या मोजणीत, जे दिसते ते या जुन्या बिघाडाचे फळ असते.

दुखावलेली वार दुरुस्त करणारे औषध आजही नाही. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सिल्डेनाफिलवर मोठी आशा होती. परंतु ब्रिटनमधील चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, आणि नेदरलँड्समधील चाचणी नवजात बाळांच्या फुप्फुसांना अपाय होत असल्याच्या शंकेने जुलै २०१८ मध्ये थांबवावी लागली. त्यामुळे गर्भावर बारीक लक्ष ठेवणे, मुदतीपूर्वी प्रसूती करावी लागणार असेल तर बाळाची फुप्फुसे पक्व करणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन मातेला देणे आणि प्रसूतीचा क्षण अचूक निवडणे, हाच आजचा खरा उपचार होय.

बिघाड आधीच टाळता येईल का, या प्रश्नाची अधिक बोलकी उत्तरे मराठी मुलखाच्या जवळ मिळाली आहेत. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांतील सात केंद्रांत सुमारे १२ हजार पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनची ८१ मिलिग्रॅमची गोळी चौदा आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सुरू केली, तेव्हा मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांऐवजी ११.६ टक्के राहिले. फरक लहान खरा, पण गोळीही स्वस्त आहे. मुंबईच्या वस्त्यांतील प्रयोगात पालेभाज्या, फळे व दूध यांचा खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज दिला गेला. एकंदर गटात बाळांचे वजन वाढले नाही, मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले, आणि तेही फार कृश नसलेल्या मातांत अधिक ठळकपणे. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

दोन्ही प्रयोगांचा रोख एकच आहे: उपचाराची वेळ आजार दिसण्याच्या आधीची असते. धाराशिव आणि बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत नेमकी हीच वेळ निसटते. म्हणून दिवस राहिल्याची शंका येताच, कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेली असली तरीही, पहिल्या बारा आठवड्यांतच आशाताईंकडे नोंद करावी, रक्तदाब व वजन तपासून घ्यावे, अ‍ॅस्पिरिनची गरज आहे की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे आणि तपासणीचे कार्ड फडावर सोबत न्यावे.