पडद्यावरचा समुद्र



समुद्राविषयी बोलण्याचा आमचा अधिकार फारसा मोठा नाही. आम्ही दर्यावर्दी नव्हे, मत्स्यशास्त्रज्ञही नव्हे. आमचे समुद्रस्नान गुडघाभर पाण्यात, आणि तेही काठावर ठेवलेल्या चपलांवर एक डोळा ठेवून. पण समुद्राच्या पोटात काय चालते ते आम्ही पाहिले आहे. तिकीट काढून, खुर्चीवर बसून, अंगाला पाण्याचा थेंबही लागू न देता पाहिले आहे. आज त्या पाहण्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

तो बोलपट फ्रान्समधला, १९५६ सालचा. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'मौनाचे जग' असा होतो. तो घडविणारे दोघे : फ्रेंच आरमारातील अधिकारी जॅक कूस्तो आणि त्या वेळी अवघ्या तेवीस वर्षांचे असलेले लुई माल. कान येथील महोत्सवात त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, अमेरिकेतले ऑस्करही मिळाले. आम्ही तो पुष्कळ वर्षांनी एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. प्रत जुनी होती, रंग जरा विटले होते; पण पाणबुडे हातांत पेटत्या मशाली घेऊन खोल निळ्या पाण्यात उतरू लागले, तेव्हा सारे सभागृह चिडीचूप झाले.

हे उतरणे शक्य कसे झाले? पूर्वीचा पाणबुडा डोक्यावर धातूचे जड शिरस्त्राण आणि पायांत शिशाचे बूट घालून उतरे. त्याचा श्वास वरच्या नावेशी नळीने बांधलेला असे. समुद्रात दर दहा मीटरला दाब एकेका वातावरणाइतका वाढतो. म्हणून नुसती हवा खाली नेऊन भागत नाही. ती भोवतालच्या दाबाने छातीत भरावी लागते. १९४३ साली कूस्तो आणि एमिल गान्यां या अभियंत्याने अशी झडप तयार केली की, माणसाने श्वास घेतला की पाठीवरच्या नळकांड्यातून नेमक्या त्याच दाबाची हवा यावी. नळी सुटली आणि माणूस माशासारखा आडवा पोहू लागला.

दुसरी गंमत रंगांची. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी सर्वांत आधी गिळते. दहा-पंधरा मीटर खाली तांबडी वस्तू काळपट दिसते. जखमेतले रक्तही हिरवट वाटते. मग पडद्यावर आम्ही पाहिलेली ती लालबुंद पोवळी? तो लाल रंग पाणबुड्यांच्या दिव्याने उजळला होता. दिवा विझला की तो रंगही विझतो. म्हणजे आम्ही नुसता समुद्र पाहत नव्हतो; समुद्र आणि दिवा असे दोन्ही मिळून पाहत होतो. हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. पुढे जे घडले त्यामुळे आले.

कूस्तोंच्या जहाजाचे नाव 'कॅलिप्सो'. पाणसुरुंग काढणारी एक जुनी युद्धनौका दुरुस्त करून ते केलेले. या जहाजावरची मंडळी एका प्रवाळखडकात कोणकोणते मासे राहतात हे मोजण्यासाठी डायनामाइटचा स्फोट करतात आणि मेलेले मासे गोळा करतात. हे पाहताना आमच्या सभागृहात अस्वस्थ चुळबुळ झाली. पुढे जहाज देवमाशांच्या कळपात शिरते आणि एक पिल्लू जहाजाच्या पंख्यात सापडते. पाणी लाल होते. त्याच्या यातना संपाव्यात म्हणून खलाशी त्याला मारतात. मग रक्ताच्या वासाने शार्क जमतात आणि त्या देहाचे लचके तोडू लागतात. ते पाहून खलाशांना संताप अनावर होतो. ते शार्कांना आकड्यांनी वर ओढतात आणि डेकवर त्यांना झोडपून काढतात.

श्रोतेहो, या वेळी सभागृहात टाळ्या पडल्या. थोड्या पडल्या, पण पडल्या. आणि सांगावयास संकोच वाटतो, त्यांत आमचेही दोन हात होते.

घरी जाताना विचार केला, आपण टाळी कशाला वाजविली? शार्कांनी काय केले होते? समुद्रातले मेलेले जनावर खाणे हा त्यांचा नित्याचा आहार. पिल्लाला त्यांनी मारलेच नव्हते. त्याला कापले ते जहाजाच्या पंख्याने. पण आम्हांला पिल्लाची दया आली, दयेला गुन्हेगार हवा होता, आणि पडद्यावर दात असलेला शार्क समोरच होता. जहाज मात्र दिसत नव्हते, कारण आम्ही स्वतः त्याच जहाजावर बसून पाहत होतो.

कूस्तोंवर दोष ठेवून मोकळे होण्याची ही वेळ नव्हे. त्यांनी हे प्रसंग कापून टाकले नाहीत, म्हणूनच आज ते आपल्याला दिसतात. आणि तो माणूस तिथेच थांबला नाही. १९६० साली किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत निघाला, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. १९७३ साली सागररक्षणासाठी संस्था काढली आणि १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम केले.

८ मे २०२५ रोजी, डेव्हिड अॅटनबरो यांच्या नव्याण्णवाव्या वाढदिवशी, त्यांचा समुद्रावरचा बोलपट चित्रपटगृहांत आला. त्यात समुद्राचा तळ खरवडीत जाणारे ट्रॉलरचे जाळे दाखविले आहे. कॅमेरा त्या जाळ्याच्या तोंडाशीच आहे. १९५६ साली जो पंखा नजरेआड झाला, त्याच्या जागी या वेळी यंत्रच समोर उभे आहे. सत्तर वर्षांत पाणबुड्यांच्या साधनांत सुधारणा झाली, त्याहून ही सुधारणा आम्हांला मोठी वाटते.

आणि हे जाळे परदेशातच आहे असे नव्हे. कोळंबी तळाशी वावरते, म्हणून ती धरण्यासाठी आपल्या किनाऱ्यावरही ट्रॉलरचे जाळे तळावरून ओढले जाते. सिंधुदुर्गातील रापणकर आणि यांत्रिक नौका यांचा तंटा जुना आहे. १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा नियमन कायदाही झाला. कोळंबीच्या कालवणाने भरलेले ताट समोर आले म्हणजे तंटा आठवत नाही, हा आमचा अनुभव आहे. आमच्या ताटाखालीही एक जहाज आहे.

तेव्हा असे बोलपट जरूर पाहा, मुलांना दाखवा. पाठ्यपुस्तकातल्या दहा धड्यांपेक्षा अधिक ते एका संध्याकाळी शिकवितात. मात्र पाहताना माशांबरोबर दिवा पाहावा आणि ज्या जहाजावरून पाहतो ते जहाजही पाहावे. टाळी वाजविण्यापूर्वी एवढे पाहिले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.