न दिसणारी नळी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटे बोलायचे, असे संयोजकांनी सांगितले आहे. मी कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर फिटर होतो. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला परतलो आणि आता अंगणात आमची जुनी गाडी दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात तिचे गंजलेले ब्रेक पाइप बदलले. हसू नका, हा विषय आपल्याला शाळेतच शिकवला आहे.

पास्कलचा नियम आठवा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल दाबले जाते आणि तो दाब चाकांपर्यंत जातो. करकचून ब्रेक लावला, तर तो हवेच्या दाबाच्या शंभर पटींच्या घरात जाऊ शकतो. एवढा दाब सांभाळते ती ४.७५ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी, आणि तीही गाडीच्या पोटाखाली, कुणाला न दिसणारी.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. पाइप जिथे क्लिपमध्ये बसतो, तिथे चिखल अडकून ओल राहते आणि गंज आत शिरतो. क्लिपजवळ पापुद्रे सुटलेले, खड्डे पडलेले किंवा तेलाची ओल दिसली, तर तो पाइप बदलायचाच. घासून वर रंग मारल्याने गेलेला धातू परत येत नाही.

सपाट जागा, चाकांना ठोकळे आणि गाडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. पाइपापुरती खाच असलेला रिंग पाना वापरावा. जुना पाइप अखंड काढला, तर नव्याला वळण द्यायला नमुना होतो. नवा पाइप पोलादाचा किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा घ्यावा. निव्वळ तांबे हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. टोक दुहेरी दुमडायचे, पण त्याआधी नट ओवायचा! गंजका तुकडा कापून तिथे रबरी नळी आणि पट्टी लावण्याचा जुगाड अजिबात नको.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच, आणि नव्या सीलबंद डब्यातले घ्यावे. ते हवेतली ओल शोषते. गाडीच्या रंगावर सांडले, तर रंग सोलतो. मग पाइपातली हवा काढायची. त्याला दोन माणसे लागतात. आमच्याकडे सौ. पेडलवर आणि मी चाकाशी. "दाब, धर, सोड" एवढाच संवाद. बाकीच्या वेळी मी तिला हुकूम सोडत नाही, हे येथे नमूद करतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल दाबून धरावे. ते खाली जाता कामा नये. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. पहिली फेरी गल्लीत, सावकाश.

आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा थोडा आधार देतो. पण आमची गाडी भाचा चालवतो. आईला तपासणीसाठी आंबा घाटाने कोल्हापूरला नेतो. परतीच्या उतरणीवर 'थोडा आधार' पुरत नाही.

तीस वर्षे हेच काम केले, तरी माझे जोड मी गावातल्या मेकॅनिकला दाखवले. त्यात कमीपणा नाही. ज्यांना टोक दुमडण्याचा सराव नाही, त्यांनी हे काम त्याच्याकडेच द्यावे. पण तपासणे मात्र सगळ्यांना जमते. घरी गेल्यावर गाडीखाली एकदा बॅटरी मारून पाहा.

सर, पास्कलचा नियम तुम्ही आम्हाला दोन गुणांसाठी शिकवला होता. त्याच्या भरवशावर आज माझी आई घाट उतरते.