व्यसन आणि मेंदूची घडण



आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा मेंदूसारख्या विषयावर आम्ही बोलायला उभे राहावे याचे नवल वाटले तर त्यात वावगे काही नाही. परंतु कामावर पिऊन आलेल्या तरुण कामगाराच्या बाजूने चौकशीला बसण्याचा प्रसंग आमच्यावर वारंवार येतो. साहेब म्हणतात, "याच्यात निश्चयच नाही." घरचे म्हणतात, "रक्तातच आहे, बाप असाच होता." या दोहोंच्या मध्ये पोराला उभे राहायला जागा उरत नाही.

केंब्रिजच्या कॅरेन एर्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली भावंडांच्या पन्नास जोड्या तपासल्या. जोडीतला एक कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेला, दुसरा निर्व्यसनी. बाण दिसला की बटण दाबायचे, आणि मध्येच इशारा झाला तर हात आवरायचा, अशी एक साधी परीक्षा होती. हात आवरण्यात व्यसनी कमी पडले, ते अपेक्षितच होते. पण त्यांची निर्व्यसनी भावंडेही तितकीच कमी पडली! मनाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग आणि सवयींचे खोलवरचे केंद्र यांना जोडणाऱ्या तंतूंत दोघांचीही घडण सारखीच वेगळी होती. म्हणजे काही दोष व्यसनाच्या आधीचा असतो, हे घरच्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण त्याच घडणीचा सख्खा भाऊ सुटला, हे ते सांगत नाहीत.

अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन त्यांचा पुढे मागोवा ठेवणारे मोठे काम चालू आहे. त्यातल्या ९,८०४ मुलांचा हिशेब २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षाच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजाची चव घेणारी ३,४६० निघाली. त्यांच्या मेंदूत काही फरक आढळले, आणि त्यांतले बरेच पहिला घोट घेण्याच्या आधीपासूनच होते. एकूण मेंदू जरासा मोठा, कपाळामागची साल काही ठिकाणी पातळ. फरक इतके बारीक, की एकट्या मुलाची प्रतिमा पाहून त्याचे भविष्य कुणालाही सांगता येणार नाही. (भरतीच्या वेळी डोक्याची प्रतिमा मागण्याची कल्पना एखाद्या मालकाला सुचेल, म्हणून हे मुद्दाम सांगतो.) शिवाय हा कपाळामागचा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्का होत राहतो; आमची पोरे अठराव्या वर्षीच रात्रपाळीला उभी राहतात.

व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन शिपायांचे उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. तिथे सुमारे पाचांत एक अफूच्या द्रव्यांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा घरी आल्यावर वर्षभरात त्यांतले शेकडा पाचांच्या आसपासच पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. डोके तेच, मुक्काम बदलला, सोबत बदलली.

तेव्हा आमच्या मागणीपत्रात दोन कलमे असतात. पहिल्या गुन्ह्याला बडतर्फीऐवजी उपचारासाठी रजा, आणि परत आल्यावर निदान सहा महिने दिवसपाळी. पहिल्या कलमाला मालक कुरकुरत का होईना, मान डोलावतात. दुसऱ्यावर बोलणी अडतात, कारण रात्रपाळीला माणूस कुठून आणायचा हा प्रश्न त्यांना पडतो.