मेणवलीचा वाडा आणि आमचं घर



नववीची सहल आठवते? तळेऱ्याहून निघालो आणि गगनबावड्याचा घाट चढताना अर्धी एसटी उलट्या करत होती. त्यात मीही होतो. पण वाईजवळ मेणवलीला उतरलो आणि सगळं विसरलो. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेचा चंद्रकोरी घाट आणि जवळच वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाची. सर मेणवली दप्तराबद्दल सांगत होते आणि आपण घंटा कोण वाजवणार यावर भांडत होतो.

पुढे २००४ साली ‘स्वदेस’मध्ये तोच घाट दिसला. मी थिएटरात ओरडलोच! तेव्हा कळलं, वाडा चित्रीकरणाला देतात.

हे आज आठवलं, कारण आमचं नदीकाठचं जुनं घर. भावाला ते लग्नकार्यांसाठी भाड्याने द्यायचं होतं. मी दोन वर्षं अडून बसलो. माजघरात बुफे लागणार, ही कल्पनाच सोसवेना. गेल्या पावसात मागची पडवी कोसळली. आई म्हणाली, “घर बंद ठेवलंस तर वाळवी खातली. माणसां येवंदेत.”

मुंबईहून वर्षातून आठ दिवस येणारा मी काय बोलणार? सही केली. अट एकच, मंडप फक्त खळ्यात, देवघराला कुलूप.

पहिलं कार्य मे महिन्यात आहे, आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीच्या लेकीचं. सगळ्यांनी यायचं. चपला ओटीखाली काढायच्या.