बचावाचा खर्च कोणी करायचा?



लखनौत मराठी माणसे जमली की संगीताचार्य पंडित भातखंड्यांचे नाव निघतेच, आणि ते निघायलाच हवे. पण आपण वकील. तेव्हा मी दुसऱ्या एका नावापासून सुरुवात करतो. रामकृष्ण खत्री, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. काकोरीच्या रेल्वे लुटीच्या खटल्यात त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. उत्तरायुष्य त्यांनी याच शहरात काढले आणि 1996 साली ते इथेच वारले.

तो खटलाही इथलाच. हजरतगंजात आज जिथे जनरल पोस्ट ऑफिस आहे, तिथे तेव्हा रिंग थिएटर होते आणि त्यात कोर्ट भरवले होते. सरकारतर्फे पंडित जगत नारायण मुल्ला उभे राहिले. त्यांची फी अर्थातच सरकारी तिजोरीतून. आरोपींकडून गोविंद वल्लभ पंत, चंद्रभानु गुप्त, मोहनलाल सक्सेना अशी मंडळी उभी राहिली. त्यांपैकी पंत आणि गुप्त पुढे या राज्याचे मुख्यमंत्री झाले. असे वकील मिळायला आरोपीच्या मागे देश उभा असावा लागतो. कोंबडीचोराच्या मागे तो नसतो. याच खटल्यात रामप्रसाद बिस्मिल यांना सरकारने आपल्या खर्चाने वकील देऊ केला. त्यांनी तो नाकारला आणि स्वतःची बाजू स्वतः मांडली. ज्याने पकडले त्यानेच नेमलेल्या वकिलावर विसंबायला ते तयार झाले नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

या गोष्टीला शंभर वर्षे होत आली, तरी जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात तोच अविश्वास ऐकू येतो. नवरा आत असतो, बायको मंगळसूत्र गहाण टाकते, भाऊ गुंठाभर जमीन विकतो, पण ‘फुकटचा वकील नको’ म्हणतात. कायद्याने ही सगळी माणसे पात्र असतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अटसुद्धा नाही. मग ती येत का नाहीत? आपण याचे खापर जनजागृतीच्या अभावावर फोडतो, शिबिरे घेतो, भित्तिपत्रके लावतो. माझे मत वेगळे आहे. लोकांना योजनेची माहिती थोडीबहुत असते. त्यांनी त्या वकिलाची अवस्थाही पाहिलेली असते. ज्याच्या हातात आदल्या रात्री कागद पडले, ज्याला झेरॉक्सचे पैसे खिशातून भरावे लागतात आणि ज्याचे बिल वर्षभर टेबलावर पडून असते, त्याच्या भरवशावर जन्मठेपेचा खटला सोडायला कोण धजेल?

वकिलाच्या मोबदल्याचा प्रश्न आपल्या न्यायालयांना सुचला नाही, असे नाही. 1978 चा माधव होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. बनावट पदव्यांचे प्रकरण. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून तीन वर्षे केली आणि निकालाची प्रत वेळेवर न मिळाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयात यायला होस्कोटला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अपिलाची विशेष परवानगी नाकारली. पण जाता जाता सांगितले की कैद्याला निकालाची प्रत मोफत द्या, गरज असेल तर वकील द्या, आणि त्या वकिलाची न्यायालय ठरवील ती वाजवी फी खटला चालवणाऱ्या राज्याने भरावी. या निकालाचा पहिला भाग आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. फीचे वाक्य परीक्षेत कोणी विचारत नाही. 1981 मध्ये भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी पैसे नसल्याची सबबही राज्याच्या हातातून काढून घेतली. त्यांचे वडील न्यायमूर्ती एन. एच. भगवती 1949 मध्ये मुंबई प्रांताच्या विधी साहाय्य समितीचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी इंग्लंडात विधी साहाय्याचा कायदा झाला. आपल्याकडचा देशव्यापी कायदा 1987 मध्ये संमत झाला आणि अमलात यायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडले.

आता तिजोरीकडे वळू. 2025 च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने विधी साहाय्यावरचा देशाचा दरडोई वार्षिक खर्च काढला आहे: 6 रुपये 46 पैसे. हजरतगंजात एवढ्यात एक कप चहा येत नाही. आणि 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. कच्च्या कैद्यांची सर्वांत मोठी संख्या ज्या राज्यात आहे, त्याच राज्याच्या राजधानीत आपण बसलो आहोत.

2022 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने बचाव वकिलांची नवी पद्धत आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य, उप आणि सहायक बचाव वकील पूर्णवेळ नेमायचे, त्यांनी खासगी वकिली करायची नाही. केंद्राने तीन वर्षांसाठी 998.43 कोटी रुपये मंजूर केले. विधी साहाय्याच्या पॅनलवरच्या काही मित्रांना हे रुचले नाही, कारण त्यांची कामे गेली. त्यांची नाराजी मला समजते, तरीही मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. पूर्णवेळ माणूस तुरुंगात जाऊन अशिलाला भेटू शकतो. तुकड्यातुकड्यांनी काम मिळणाऱ्याला ते परवडत नाही.

पण या पद्धतीत दोन दोष आहेत आणि ते अध्यक्षपदावरून बोललेच पाहिजेत. पहिला, नेमणूक कंत्राटी, तीही मुदतीची, आणि हाताशी साधने नाहीत. समोर बसलेल्या सरकारी वकिलाच्या मागे पोलीस ठाणे, तपास अधिकारी आणि न्यायसहायक प्रयोगशाळा. इकडे बचावाला जागेवर जाऊन पाहणी करायची, साक्षीदार शोधायचा किंवा खासगी तज्ज्ञाचे मत घ्यायचे, तर त्यासाठी हक्काने मागता येईल असा पैसा नाही. दुसरा दोष अधिक नाजूक. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हा न्यायाधीश. ज्यांच्यापुढे युक्तिवाद करायचा, ज्यांच्या आदेशावर उद्या अपील करायचे, त्यांच्याच कार्यालयाकडून आपले काम तपासले जाणार आणि मुदतवाढ ठरणार. बहुतेक न्यायाधीश सरळ आहेत, हे मला मान्य आहे. पण अशिलाचा विश्वास माणसांच्या सरळपणावर टांगून ठेवता येत नाही.

स्वस्त बचाव किती महाग पडतो, हे खांडव्याने दाखवले. खांडवा आपल्याला परके नाही, बऱ्हाणपूरच्या पलीकडचे. 2013 मध्ये तिथे एका लहान मुलीवरील अत्याचार आणि खुनाचा खटला तेरा दिवसांत संपला आणि फाशीची शिक्षा झाली. आरोपी अनोखीलाल याला विधी साहाय्याचा वकील मिळाला होता, आरोप निश्चित झाले त्याच दिवशी. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनोखीलाल प्रकरणात ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणी सांगितली. जन्मठेप वा फाशीच्या खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील द्या, त्याला तयारीला किमान सात दिवस द्या, असेही बजावले. 2024 मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षे गेली. आणि त्या मुलीच्या आईबापांनाही अकरा वर्षांनी हाती काही लागले नाही, हे आपण बचावाचे वकील क्वचितच मोठ्याने बोलतो.

फी मागणे म्हणजे सेवाभाव सोडणे, अशी एक समजूत आपल्यात मुरली आहे. इंग्लंड-वेल्सच्या फौजदारी बॅरिस्टरांनी 2022 मध्ये विधी साहाय्याच्या फीसाठी काम बंद ठेवले आणि पंधरा टक्के वाढ पदरात पाडून घेतली. मी संपाचा पुरस्कार करत नाही; कोठडीतल्या माणसाची तारीख चुकवून आपले म्हणणे मांडणे मला पटत नाही. मात्र उघडपणे आकडा मागण्याची लाज त्यांनी बाळगली नाही, तेवढे घेण्यासारखे आहे.

आपल्या ठरावाचा मसुदा तुमच्या हाती दिला आहे. बचाव वकिलाचे मानधन त्याच न्यायालयातल्या सरकारी वकिलाच्या वेतनाशी बांधावे; खटल्याचा टप्पा संपल्यापासून तीस दिवसांत बिल चुकते व्हावे; तपासणी, प्रवास आणि तज्ज्ञांसाठी प्रत्येक जिल्ह्याला वेगळा निधी असावा; आणि वकिलाची नेमणूक व मुदतवाढ त्या जिल्ह्याच्या न्यायाधीशांऐवजी राज्य पातळीवरच्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावी. शेवटच्या कलमावर मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. दुपारच्या सत्रात ते मोकळेपणाने मांडा. ठराव संमत झाला तर तो उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांकडे जाईल. आपापल्या जिल्ह्यात थकलेल्या बिलांची यादी तारखांसह त्याला जोडायची आहे; ज्यांनी अजून दिली नसेल त्यांनी ती जेवणाच्या सुट्टीपूर्वी कार्यवाहांकडे द्यावी, ही विनंती.