आधी आचरण: सत्यशोधक विवाह

जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, ही त्याची भूमिका. ती केवळ भाषणांत राहिली नाही. त्याच वर्षाअखेरीस भटजीविना लग्ने लागू लागली. मंगलाष्टके मराठीत, वधूवरांनाही समजणारी; शपथ त्यांनी स्वतः घ्यायची. खर्च कमी, आणि पुरोहिताची दक्षिणाही बुडे; विरोध तीव्र झाला त्याचे हेही एक कारण. समतेची सुरुवात तर फुल्यांनी घरापासूनच केली होती: 1868 मध्ये आपला हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. दत्तकपुत्र यशवंतचा विवाहही 1889 मध्ये सत्यशोधक पद्धतीनेच झाला.